डाव्या अंगाला पॅरालिसिस, तिसरा मजला, लिफ्ट नाही: आईला उठवायचं आणि चालवायचं कसं?

करावे_तलाव

नमस्कार. आई, वय ७१, वजन ६६ किलो, उंची ५ फूट १ इंच. स्ट्रोकनंतर डावा हात पूर्ण लुळा आहे, डाव्या पायात थोडी ताकद परत आली आहे. डिस्चार्ज मिळून तीन आठवडे झाले. पलंगाच्या कडेला आधाराशिवाय पाचेक मिनिटं बसते, धरलं तर उभी राहते. बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. घर नेरुळला, सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला. फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात. बाकीचे दिवस मी, बायको आणि दिवसाच्या मावशी.

१. पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना मावशी काखांत हात घालून उचलतात. आईचा डावा खांदा दुखायला लागलाय आणि बायकोची कंबर धरली आहे.
२. चार पायांची काठी आणली आहे. ती कुठल्या हातात द्यायची, किती उंच ठेवायची, आम्ही कुठे उभं राहायचं, यावर घरात तीन मतं आहेत.
३. बाथरूमचं दार चौकटीच्या आत २४ इंच, उंबरठा ३ इंच.
४. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला न्यायचं आहे. तीन मजले उतरणं आणि परत चढणं कसं करायचं?

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

खोपट_फिजिओ

काखेतून उचलणं आजच थांबवा. स्ट्रोकनंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाताचं सगळं वजन सांध्याच्या आवरणावर लोंबतं. त्यात काखेतून वर ओढलं की सांधा खोबणीतून सरकतो. हा खांदा एकदा धरला की महिनोन् महिने सोडत नाही, मग दुखतं म्हणून पेशंट व्यायामालाही नाही म्हणतो. लुळा हात धरून ओढणंही तितकंच वाईट. मावशींना रागावू नका, बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नसतं.

आणि आईंना उचलायचं नाहीच. उभं राहण्याचं काम त्यांचा उजवा पाय करेल. तुम्ही वजन पुढे आणायला मदत करायची आणि डावा गुडघा सांभाळायचा, एवढंच. रुग्णाला हातांनी उचलण्याची मर्यादा अमेरिकेत संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो, अशी मांडली, आणि तीसुद्धा सगळं अनुकूल असताना. ६६ किलोंपुढे कुणाचीही कंबर जाणारच.

दर वेळी उठवण्याआधी तीन गोष्टी बघा. आई कडेवर मिनिटभर आधाराशिवाय बसतात का, उजवा गुडघा सरळ करून पाय हवेत धरता येतो का, आणि सांगितल्यावर बूड जरा उचलता येतं का. यातलं एक जरी त्या दिवशी जमलं नाही, तर उभं करू नका. ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा रात्रीचं जागरण असेल तर कालचा पाय आज दगा देतो.

झोपलेल्या अवस्थेतून बसणं. दोन्ही गुडघे मोडून उजव्या, म्हणजे चांगल्या कुशीवर वळवा. पाय पलंगाखाली सोडा. पायांचं वजन खाली जाताना धड आपोआप वर यायला मदत होते. आई उजव्या कोपरावर आणि मग तळव्यावर जोर देतील. तुमचा एक हात त्यांच्या खांद्याच्या फऱ्यामागे, दुसरा कमरेवर. मान धरून उठवू नका.

बसल्यावर दोन मिनिटं थांबा. पावलं वरखाली हलवायला सांगा, बोलतं ठेवा. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं तर ते पडायला पुरेसं असतं. बीपीच्या गोळ्या चालू असताना हे बरेचदा दिसतं, म्हणून घरच्या मशीनवर आधी आडवं असताना आणि मग उभं असताना असं दोन-तीन दिवस मोजून डॉक्टरांना दाखवा. डोळ्यांपुढे अंधारी आली, जांभया यायला लागल्या, ओठ पांढरे पडले की परत आडवं करायचं.

पलंग ते व्हीलचेअर. खुर्ची आईंच्या उजव्या हाताला, पलंगाला ३० ते ४५ अंशांत तिरकी. दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हलवून बघा. टायरमध्ये हवा कमी असेल तर ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. पाय ठेवायच्या पाट्या बाजूला करा किंवा काढून ठेवा. पोटरी सोलली जाण्याचं आणि ठेचकाळण्याचं मोठं कारण त्याच. पलंगाची उंची गादीसकट एवढी हवी की पावलं पूर्ण टेकून कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील. आईंच्या उंचीला १८ इंचांच्या आसपास पुरेल. बसल्यावर गादी दबते, म्हणून त्यांना बसवूनच मोजा.

आता त्यांना कडेपर्यंत पुढे घ्या, एकदा डावं बूड, एकदा उजवं, असं सरकवत. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, दोन्हींत वीतभर अंतर. तुम्ही समोर, पाय फाकवून, गुडघे मोडून. तुमचा उजवा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला समोरून टेकलेला, म्हणजे तो मोडणार नाही. तुमचे हात त्यांच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर, त्यांचा उजवा हात गादीवर. तुमच्या गळ्यात हात अजिबात घालू देऊ नका. तोल गेला तर त्या तुमची मान खेचतील आणि दोघेही पडाल.

"नाक पावलांच्या पुढे आणा" असं सांगा. सगळी किल्ली यात आहे. पुढे न वाकता सरळ वर उठायला गेलं की वजन मागेच राहतं आणि मग ते तुम्हाला ओढावं लागतं. उभ्या राहिल्या की एक श्वास थांबा, गुडघे सरळ झाले का बघा. मग उजव्या हाताने खुर्चीचा लांबचा हात धरून छोट्या छोट्या पावलांनी वळायचं. पावलं जागीच ठेवून धड पिळायचं नाही, त्यांनीही नाही आणि तुम्हीही नाही. पोटऱ्यांना खुर्ची लागल्यावरच पुन्हा पुढे वाकून सावकाश बसायचं.

परतीचा प्रवासही उजव्या बाजूनेच करायचा असतो आणि हे फार घरांत विसरतं. जाताना खुर्ची उशाशी आणि तिचं तोंड पायथ्याकडे असेल, तर येताना ती पायथ्याकडून आणून तोंड उशाकडे करायचं. तरच पलंग त्यांच्या उजव्या हाताला येतो.

---

कळवा_खाडी

वरचं सगळं बरोबर. मावशी, आया, वॉर्डबॉय यांना शिकवताना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते जोडतो.

पट्टा: सर्जिकलच्या दुकानात "गेट बेल्ट" किंवा "ट्रान्सफर बेल्ट" म्हणून मागा. दोन इंच रुंद तरी हवा, बक्कल मजबूत. कपड्यांवरूनच बांधायचा, कमरेला, छातीवर नाही. आत दोन बोटं जातील एवढा घट्ट. बसून बांधलेला पट्टा उभं राहिल्यावर सैल होतो, म्हणून उभं केल्यावर पुन्हा आवळा. धरताना तळवा वर, बोटं खालून आत; वरून धरलेली पकड झटक्यात सुटते. ओढणी किंवा पंचा बांधू नका, ताण आला की त्याचा दोर होतो आणि बरगडीखाली रुततो. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, पोटात फीडिंगची नळी असेल किंवा बरगडी मोडलेली असेल तर पट्टा बांधण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मोजणी: "एक, दोन, तीन" म्हणताना तिनावर उठायचं की तिनानंतर, हे आधी ठरवा. दोन जण धरत असतील तर एक जण अर्धा सेकंद आधी उचलतो आणि पेशंट तिरका होतो. बरं पडतं ते असं: "एक, दोन, तीन, उठा", आणि "उठा" या शब्दालाच सगळ्यांनी हलायचं. मोजणारा एकच, आणि बाकी कुणी मधे बोलायचं नाही.

तेल: मालिश झाल्यावर लगेच चालवू नका. तळव्यांना खोबरेल किंवा तिळाचं तेल आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे घसरगुंडीच. तळवे साबणाने धुऊन कोरडे करा. तुमचे हात तेलकट असतील तर पट्टाही निसटतो. पावडर सांडलेली फरशी याहून वाईट.

कपडे आणि पायताण: गाऊन घोट्याच्या वर चार बोटं. नेसलेली साडी, लांब परकर, सैल नाडी, हे सगळं चालायच्या वेळी नको. पायात मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची सँडल. साधी स्लीपर डाव्या पायातून मागे राहते, कारण पाऊल लोंबतं आणि बोटं तिला धरून ठेवू शकत नाहीत. नुसते मोजे घालून टाइलवर नाही.

लघवीची पिशवी लावलेली असेल तर हलवण्याआधी रिकामी करा, मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवा आणि नळी कुठे अडकली नाही ना ते हाताने चाचपून बघा. पलंगाच्या दांड्याला पिशवी लटकलेली आणि माणूस खुर्चीत, असं झालं की नळी खेचली जाते आणि रक्त येतं.

पलंगावर वर सरकवतानाही काखेत हात नको. खांद्यापासून मांडीपर्यंत एक चादर दुहेरी घडी करून आडवी घाला. दोन बाजूंनी दोघांनी ती अंगाजवळ गुंडाळून धरायची, उशी काढायची, आईंना उजवा गुडघा मोडून टाच रोवायला सांगायचं, आणि "उठा"सारख्याच एका शब्दावर सरकवायचं. फरफटत नेलं की माकडहाडाजवळची कातडी सोलते आणि बेडसोअरची सुरुवात तिथूनच होते.

---

करावे_तलाव

दोघांचे मनापासून आभार. एक अडचण आत्ताच लक्षात आली. पलंगाची उजवी कड भिंतीला आहे, डावी मोकळी. म्हणजे इतके दिवस आम्ही आईला लुळ्या बाजूनेच उतरवत होतो. खोली ९ बाय १०, पलंग ओढून मधे आणला तर खुर्ची फिरत नाही.

दुसरं, धरून चालवलं तर तीन-चार पावलांनंतर डावा गुडघा एकदम मोडतो. आणि दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा आपटतो, तिला ती चौकट दिसतच नाही असं वाटतं.

---

खोपट_फिजिओ

पलंग हलवू नका, उशी हलवा. डोकं पायथ्याला करा. त्याच मोकळ्या कडेला आता आईंची उजवी बाजू येईल. एका पैचा खर्च नाही. डोकं उत्तरेला येतं म्हणून घरात कुणी नाही म्हणत असेल तर पलंगच उलट्या भिंतीला लावा, तोच परिणाम होतो. ज्येष्ठांच्या मनाला लागेल असं काही करून त्यांचं सहकार्य घालवण्यात अर्थ नाही.

चौकटीचं: मेंदूच्या उजव्या भागात स्ट्रोक झाला की डावं अंग जातं, आणि काही जणांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. नजर शाबूत असते, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा हात चाकात अडकला तरी कळत नाही. अशा माणसाला आपण पूर्ण चालू शकतो असंही वाटतं, म्हणून ते न सांगता उठतात आणि पडतात. त्यांना पलंगावर एकटं सोडताना हे ध्यानात ठेवा. बोलताना, पाणी देताना डावीकडून या. दारापाशी थांबा आणि "डावीकडे बघा, चौकट दिसली?" असं विचारूनच पुढे चला. डाव्या चौकटीवर छातीच्या उंचीला लाल चिकटपट्टी लावा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

आता चालणं.

काठी उजव्या, म्हणजे चांगल्या हातात. उंची ठरवताना सँडल घालून सरळ उभं करा आणि हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीला यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर २० ते ३० अंश मोडलेलं राहतं. जास्त उंच असेल तर खांदा कानाशी जातो, बुटकी असेल तर माणूस उजवीकडे झुकतो. चार पायांच्या काठीचे दोन पाय बाहेर पसरलेले असतात आणि दोन सरळ रेषेत. सरळ बाजू अंगाकडे ठेवा, नाहीतर त्यांचा स्वतःचा पाय काठीत अडकतो. चारही पाय एकदम टेकले पाहिजेत. मागचे दोन हवेत राहिले तर काठी फार पुढे टाकली आहे.

क्रम: काठी, मग डावा पाय, मग उजवा. सुरुवातीला तीन वेगळे ठोके, घाई नाही. काठी वीतभरच पुढे.

तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. उजवा हात कमरेमागे पट्ट्यावर, डावा हात त्यांच्या डाव्या खांद्यापुढे, न दाबता. समोर उभं राहून दोन्ही हात धरून उलटं चालणं, हे घरोघरी दिसतं. त्यात पेशंट तुमच्यावर ओणवा होतो आणि तुम्हाला मागचं काही दिसत नाही. दुसरा माणूस व्हीलचेअर घेऊन मागोमाग, दोन हातांवर.

गुडघा चौथ्या पावलाला मोडतो ना, मग सध्या दोनच पावलं चालवा. दोन पावलं, बसवा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा दोन. असं दिवसातून चार-पाच वेळा. मोडेपर्यंत ओढत नेलं की शरीर मोडणंच शिकतं आणि मनात भीती बसते. त्याआधी उभं राहण्याचा सराव वाढवा: खुर्चीतून उठणं-बसणं, पाच-पाच वेळा, वजन दोन्ही पायांवर सारखं येतंय का ते बघत. पाऊल लोंबून बोटं घासत असतील तर घोट्याची स्प्लिंट लागेल. फिजिओंकडून माप घेऊनच करा, दुकानातली तयार स्प्लिंट टाच सोलते. चालताना डावा हात लोंबकळू देऊ नका. झोळी लावायची का, ते फिजिओ ठरवतील. लावली तरी बसल्यावर काढायची, नाहीतर कोपर त्याच घडीत आखडतं.

चालताना गप्पा नकोत. या टप्प्यावर चालणं हेच त्यांच्या मेंदूचं पूर्ण वेळचं काम आहे.

---

पाणसळ

बाथरूमबद्दल. हँडल आणि रेलिंग बसवण्याचं काम करतो, त्यामुळे मापाचं बोलतो.

१८ इंच सीटची साधी व्हीलचेअर चाकांच्या बाहेरच्या रिंगसकट २४ ते २६ इंच भरते. तुमच्या २४ इंचांच्या चौकटीतून ती जाणार नाही. गेलीच तर बोटं चेचतील. आत न्यायला छोट्या चाकांची कमोड खुर्ची घ्या. घेताना दुकानात टेप लावून सगळ्यात रुंद जागेचं माप घ्या, कॅटलॉगमधलं नको. आणि चारही चाकांना ब्रेक आहेत ना, ते बघा.

उंबरठा ३ इंच. एकास बारा उतार धरला तर ३६ इंच लांब रॅम्प लागतो, तोही दोन्ही बाजूंनी. सिडकोच्या घरात पॅसेजमध्ये एवढी जागा मिळत नाही. आखूड, उभा रॅम्प करू नका, खुर्ची मागे उलटते. उंबरठा फोडायचा असेल तर आधी आतला उतार जाळीकडे आहे का ते एक बादली पाणी ओतून बघा, नाहीतर पाणी पॅसेजमध्ये येईल. तोवर कमोड खुर्ची पलंगाशी ठेवा, आंघोळीपुरतंच बाथरूम. रात्री तर बाथरूमला नेण्याचा विचारच नको.

दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या बदलून बाहेर उघडणारं करून घ्या. आत माणूस पडला आणि दाराला अडला तर दार ढकलता येत नाही. आतली कडी काढा.

हँडल स्टेनलेस स्टील ३०४, व्यास ३२ ते ४० मिमी, भिंतीपासून ४ ते ५ सेंमी सुटं. याहून जास्त अंतर ठेवलं तर तोल जाताना मनगट त्या फटीत घुसतं. कमोडवर बसल्यावर उजव्या हाताच्या भिंतीला, सीटपासून साधारण १० इंच वर आडवं. उठण्यासाठी एक उभं हँडल, सीटच्या पुढच्या कडेच्या जरा पुढे. उजव्या हाताला भिंतच नसेल तर जमिनीला बोल्ट केलेलं घडीचं हँडल मिळतं.

भिंत बघूनच फास्टनर ठरवा. जुन्या सिडको इमारतींत बहुधा वीट असते. टाइलमधून आरपार जाऊन विटेत किमान दोन इंच पकड हवी, विटांच्या सांध्यात नाही. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये हलके एएसी ब्लॉक असतात, त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू ओढला की पावडर होऊन बाहेर येतो. तिथे केमिकल अँकर (छिद्रात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट) किंवा आरपार बोल्ट आणि मागे पट्टी. बसवल्यावर स्वतःचं पूर्ण वजन टाकून लोंबा. हलला तर काढून परत.

सक्शनचे हँडल घेऊ नका. टाइलच्या सांध्यावर किंवा दमट भिंतीवर ते न सांगता सुटतात. टॉवेल रॉड, नळ आणि जेटची नळी यांनाही माणूस घाबरला की लोंबकळतो, तेव्हा त्यांच्याआधी हाताला हँडल लागेल अशी जागा निवडा.

आंघोळीला स्टूल पाठ असलेलं, चारही पायांना रबरी बूट. गरम पाण्याचा अंदाज आईंच्या उजव्या हाताने किंवा तुमच्या कोपराने. डाव्या बाजूला चटका कळणार नाही.

---

कळवा_खाडी

जिना. या आठवड्यात चालवत उतरवायचा विचार सोडून द्या. चार पावलांत गुडघा मोडतोय, तीन मजले नाही.

आधी डॉक्टरांना फोन करून व्हिडिओवर किंवा घरी तपासणी होते का ते विचारा. जाणंच भाग असेल तर खाजगी ॲम्ब्युलन्स ठरवताना दोन गोष्टी फोनवरच सांगा: मजला तिसरा, लिफ्ट नाही; जिन्याची खुर्ची आणि दोन माणसं हवीत. ऐनवेळी स्ट्रेचर आलं तर सिडकोच्या वळणावर ते फिरत नाही.

व्हीलचेअरवरून न्यायचं झालं तर चढतानाही आणि उतरतानाही पेशंटचं तोंड खालच्या दिशेने. ताकदीचा माणूस वर, मागच्या मुठी धरून, खुर्ची मागे कलती ठेवून. दुसरा खाली, समोरची लोखंडी फ्रेम धरून. पायाच्या पाट्या आणि सुटे हात यांना धरून उचलायचं नाही, ते हातात येतात. मुठींचे रबर फिरतात का ते आधी पिळून बघा. आईंना कमरेला आणि छातीला पट्टा, डावा हात मांडीवर पट्ट्याखाली. एकेक पायरी, मोठं चाक पायरीला टेकवत. प्रत्येक वळणावर ब्रेक लावून थांबा.

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेतात, ते करू नका. तिचे हात तडकतात आणि पाय फाकतात.

नंतर पायात ताकद आल्यावर जिना शिकताना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. काठी अधू पायाबरोबर. मदतनीस नेहमी खालच्या अंगाला, म्हणजे चढताना मागे, उतरताना समोर एक पायरी खाली, तिरका. चार पायांची काठी जिन्यावर नको. अरुंद पायरीवर चारही पाय मावत नाहीत. एका हाताने कठडा, हेच उत्तम. पण आईंचा चांगला हात उजवा आहे: उतरताना कठडा उजवीकडे असेल तर चढताना तोच डावीकडे येतो. त्यामुळे दुसऱ्या भिंतीलाही लाकडी कठडा बसवायची सोसायटीकडे लेखी मागणी आत्ताच करा. मंजूर होईपर्यंत वेळ जातोच.

रिक्षा सध्या नको. आत शिरताना चालकामागचा आडवा दांडा डाव्या हाताला येतो, आणि आईंचा तोच हात गेलेला आहे. त्यात रिक्षाचा तळ उंच. टॅक्सीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवून आधी बूड टेकवायचं, डोक्यावर हात ठेवून वाकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर जाड प्लास्टिकची पिशवी टाकली की वळणं सोपं जातं. निघण्याआधी ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागला की माणूस पुढे घसरतो.

---

वर्तकनगर_७

चांगला धागा. बाबांना पार्किन्सन्स आहे. चालताना दारात पाय एकदम चिकटतात. हात धरून ओढलं की पुढेच कोसळतात. त्यांना हेच नियम का?

---

खोपट_फिजिओ

नाही, तिथे वेगळं. पाय चिकटले की ओढू नका आणि "चला, चला" म्हणू नका. पूर्ण थांबवा. वजन डावीकडे-उजवीकडे डोलवायला सांगा, मग टाइलचा सांधा दाखवून "ही रेघ ओलांडा". दारात फरशीवर रंगीत पट्टी आडवी चिकटवली तर फार मदत होते. लयीत "एक-दोन, एक-दोन" मोजा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठ्या गोलात वळा. गोळीचा असर ज्या वेळी चांगला असतो ती वेळ चालण्यासाठी आणि आंघोळीसाठी राखून ठेवा.

आणि सगळ्यांसाठी, पडायला लागले तर: झेलायला जाऊ नका. पाय फाकवा, पट्टा धरून त्यांना अंगाजवळ ओढा, एक पाय पुढे करून त्या मांडीवरून घसरवत जमिनीवर बसवा. डोकं तेवढं सांभाळा.

पडल्यावर लगेच उचलायची घाई नको. एक पाय आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसलं, जांघेत कळ आली, तर खुब्याचं हाड मोडलं असं समजा. जागचं हलवू नका, १०८ लावा. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल (करावे_तलाव, तुमच्या आईंची आहे), तर वरून काही दिसत नसलं तरी हॉस्पिटल. आतला रक्तस्राव काही तासांनी लक्षणं दाखवतो.

काही लागलेलं नसेल तर दोन खुर्च्या आणा. उजव्या कुशीवर वळवा, कोपरावर, मग बसतं करा. एक खुर्ची समोर, चांगला हात तिच्या सीटवर, चांगला पाय टेकवून गुडघ्यावर उभं. उठताना दुसरी खुर्ची मागून बुडाखाली सरकवा. इथेही उचलायचं नाही, प्रत्येक टप्प्यावर थांबायचं. जमत नसेल तर अंगावर पांघरूण घाला आणि दुसरी माणसं येईपर्यंत खालीच बसू द्या.

---

करावे_तलाव

उशी फिरवली. आईने आज सकाळी माझ्या गळ्यात हात न घालता उभं राहून दाखवलं. पट्टा उद्या आणतो. खर्चाचं विचारतो: काठी, कमोड खुर्ची यासाठी सरकारी मदत मिळते का? आणि काठीच्या रबरांचं काय, पावसाळ्यात लॉबी कायम ओली असते.

---

कळवा_खाडी

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, २०२४ मध्ये सुरू झालेली: ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, साधनं घ्यायला एकदाच ३,००० रुपये खात्यात. अर्ज समाजकल्याण विभागाकडे. पुढे कायमची कमजोरी ४० टक्के किंवा जास्त ठरली तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं बघा. सविस्तर पुनर्वसन तपासणीसाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था (AIIPMR) आहे. कमोड खुर्ची भाड्यानेही मिळते. दोन-तीन महिन्यांत गरज बदलते, त्यामुळे विकत घ्यायची घाई नको.

रबर: खालच्या रेघा पुसट झाल्या की चारही एकदम बदला. एकच नवं घातलं की काठी डुगडुगते. नवं घ्यायला जाताना जुनं रबर काढून सोबत न्या, कारण नळीचा व्यास काठीगणिक वेगळा असतो आणि सैल रबर पायरीवरच निघून पडतं. ओल्या लॉबीतून आल्यावर काठी आणि सँडल दोन्ही उंबऱ्याबाहेर जुन्या टॉवेलवर कोरडी करूनच आत पाऊल. व्हिट्रिफाइड टाइलवर ओल्या रबराची पकड राहत नाही.